गुरुवारच्या बैठकीसाठी सुतारशाळा

हे लिहायला फार उशीर केला, त्याबद्दल चर्चच्या मंडळीने आणि माझ्या दोन्ही मुलांनी माफ करावे. मी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा सुतारकाम, शिक्षण चौथी, हे मृत्युपत्र कोणाच्या दडपणाखाली न येता स्वखुशीने लिहितो. माझे डोके ठिकाणावर आहे, असा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. आमच्या घरात असा दाखला पहिल्यांदाच आला, म्हणून मुलगा तो दोनदा वाचून हसला.

कलम एक. राहते घर, खोल्या दोन, मुलाला. तो सव्वीस वर्षे मनाच्या आजाराने आजारी आहे; त्याला आवाज ऐकू येतात. मुलीने हक्क सोडल्याची सही दिली आहे. ‘घर भाड्याने द्या आणि त्याला कुठेतरी ठेवा’ असे सुचवणाऱ्यांनी आधी स्वतः कुठेतरी राहून पाहावे.

कलम दोन. रंधे, करवती आणि सर्व पटाश्या मुलालाच. चर्चचे पंच म्हणतात, “वेड्याच्या हातात पटाशी?” ज्या बाकावर बसून ते हे बोलतात, त्याचे पाय मुलानेच घासून गुळगुळीत केले आहेत. इतक्या वर्षांत बोट कापले ते माझे, दोनदा.

कलम तीन. चर्चच्या भिंतीला लागून असलेली सुतारशाळा. गाड्या लावायला चर्चने ती दोनदा मागितली. मिळणार नाही. कारण सांगतो.

दर रविवारी चर्चमध्ये आजाऱ्यांची यादी वाचतात. गुडघे, मोतीबिंदू, पित्ताशय, सगळ्यांसाठी प्रार्थना होते आणि मग लोक घरी भेटायला जातात. माझा पाय मोडला तेव्हा घरात बसायला स्टुले पुरली नाहीत, तीही सुताराच्या घरात! मुलगा इस्पितळात होता तेव्हा दाराची कडी एकदाही वाजली नाही. त्याचे नाव यादीत घाला म्हणालो, तर पंच म्हणाले, “असल्या आजाराचं नाव वाचलं तर तुमच्या पोरीचं लग्न अडेल.” मी गप्प बसलो. तिच्या लग्नाला वीस वर्षे झाली, तरी गप्पच. मुलगा दर रविवारी कान देऊन यादी ऐकतो आणि परतताना विचारतो, “बाबा, आज राहून गेलं का?”

वर पाळकसाहेब म्हणाले, “काका, गोळ्या आणि विश्वास, दोन दगडांवर पाय ठेवू नका.” मी ऐकले आणि गोळ्या मोरीत ओतल्या. तीन आठवड्यांत मुलगा मला ओळखेना. ही माझी चूक मी इथे लिहून ठेवतो. पाळकसाहेबांनी त्यांची लिहावी. मंडळीतल्या नर्सबाई मात्र त्यांना तोंडावर म्हणाल्या, “मग तुम्ही चष्मा काढा साहेब, आणि वाचा शुभवर्तमान विश्वासाने!”

त्याच बाईंनी चर्चच्या मागच्या खोलीत दर गुरुवारी आमच्यासारख्या घरांची बैठक सुरू केली. घरातले दुखणे मी पहिल्यांदा मोठ्याने बोललो ते तिथे. मुलगा खुर्च्या मांडायचा, आणि बैठकीला येऊ लागल्यापासून गोळ्या न सांगता घेऊ लागला. गेल्या महिन्यात पंचांनी खोलीला कुलूप घातले. का, तर जादा खुर्च्या ठेवायला जागा हवी. खुर्च्यांना जागा आहे, बसणाऱ्यांना नाही!

म्हणून सुतारशाळा गुरुवारच्या बैठकीला. किल्ली नर्सबाईंकडे. माझ्यामागे मुलाची विचारपूस बैठकीने करावी. चर्चने बैठक आपली मानली तर दुसरी किल्ली चर्चला. अट एकच: मुलाचे नाव आजारासकट यादीत वाचावे, आणि ते मी जिवंत असताना. नावाची चिठ्ठी टाचली आहे. अक्षर मोठे काढले आहे, चष्मा नसला तरी वाचता येईल.

ज्याला काही मिळते त्याची साक्ष चालत नाही, असे वकील म्हणाले, म्हणून नर्सबाईंची सही नाही.

साक्षीदार: १. शेजारचे शिंपी (सही)
२. औषधाचे दुकानदार (सही)

लिहून देणार: बाक करणारा सुतार (सही)
ठिकाण: सुतारशाळा. दिनांक: १४ मार्च, गुरुवार.

ता. क. पाळकसाहेब, याची एक प्रत आजच तुमच्याकडे देतो. आम्ही दोघे डावीकडे तिसऱ्या बाकावर असतो. मुलाला यादीबद्दल अजून काही सांगितलेले नाही. येत्या रविवारी वाचणार असाल तर लवकर कळवा. शर्टाला इस्त्री करायला त्याला वेळ लागतो.