अँप भंगारात जाणार नाही

ती. दादास,

धाकटीचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे सध्या उभ्यानंच घालते, तो साष्टांग समजून घ्यावा). वहिनींना नमस्कार सांग. ब्लडप्रेशरच्या गोळ्या त्या वेळेवर घेतात की तुझ्यावर चिडून झाल्यावर घेतात, तेही कळव. तुझी कंबर कशी आहे? आम्ही इकडे सगळे ठीक. माझ्या उजव्या हाताचं मधलं बोट अजून मुंग्या आल्यासारखं वाटतं, पण त्याला कारण तूच आहेस, ते पुढे येईलच.

तर गेल्या आठवड्यातल्या फोनबद्दल. तू तरुणपणी गिटार वाजवायचास तो कामगार हॉल पाडणार आहेत, येत्या शनिवारी तिथे शेवटचा कार्यक्रम आहे, आणि हॉलचे व्यवस्थापक माझ्या शिवणाच्या दुकानात येऊन तुझं ते गिटारीचा आवाज मोठा करणारं, काचेच्या व्हॉल्व्हचं जुनं अँप मागून गेले, एवढं मी तुला सांगितलं. चालू केल्यावर ते नुसतं घुमतं, हेही सांगितलं. त्यावर तू काय म्हणालास? 'प्लग काढ आणि भंगारात दे.' बस! पोस्टाच्या शिपायाला पत्ता सांगावा इतक्या सहज. मला इतका राग आला की हातातला ब्लाऊज उलटा शिवला. दादा, नोकरी लागली तेव्हा ते अँप माझ्या दुकानात आणून ठेवणारा तूच ना? 'बाबांना सांग, विकलं' म्हणणाराही तूच ना? मी बाबांच्या तोंडावर खोटं बोलले, आणि पुढे अडतीस वर्षं त्याच्यावर चादर घालून इस्त्री केली. ते खोटं मी भंगारवाल्यासाठी बोलले नव्हते. मी व्यवस्थापकांना शब्द दिलाय की शनिवारी सहा वाजता अँप स्टेजवर असेल आणि वाजेल. वाजेल म्हणजे वाजेल.

आता तुझ्या इंजिनिअरिंगबद्दल. प्लग काढला की भीती नाही, असं तू त्याच फोनवर म्हणाला होतास (पस्तीस वर्षं वीज कंपनीत काय केलंस रे? सह्या?). मी प्लग काढला, मागची फळी उघडली, बोट आत घातलं, आणि थेट कापडांच्या ताग्यांत जाऊन बसले. आमचे हे तोंडातला चहा तसाच ठेवून उभे राहिले. मग गल्लीच्या टोकाचे रेडिओवाले काका आले. ऐंशी वर्षांचे आहेत, दिसतं कमी, पण कानानं सगळं ओळखतात. ते म्हणाले की या यंत्रात मोठे कंडेन्सर असतात, ते प्लग काढल्यावरही वीज धरून बसतात, आणि हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. तुझा हुद्दा मी त्यांना सांगितला नाही. घराण्याची अब्रू राखली.

काकांनी पहिला नियम घातला तो असा, की उघड्या अँपमध्ये काम करताना डावा हात खिशात ठेवायचा, म्हणजे धक्का बसलाच तरी तो एका हातातून शिरून छातीमार्गे दुसऱ्या हाताकडे जात नाही. मी म्हटलं, काका, माझ्या कपड्याला खिसा नाही. तर म्हणाले, मग अँप उघडायचं नाही, एखाद्या पुरुषाला बोलाव. असं म्हणाले! मला! सत्तर कोटांना आतून-बाहेरून खिसे लावून दिलेत मी या हातांनी. तिथल्या तिथे जाड कापडाचा खिसा कापला आणि अ‍ॅप्रनला डाव्या बाजूला लावला, दुहेरी टीप, वर झाकण, झाकणाला बटण. अकरा मिनिटं लागली. काकांनी हातानं चाचपून पाहिला आणि त्यांच्या विजारीलाही तसा एक लावून मागितला. आमचे हे मात्र चार दिवस झाडूचा सुका लाकडी दांडा घेऊन मेन स्विचपाशी उभे होते, मी चिकटलेच तर ढकलायला. (दांडा पेलण्याची त्यांची हौस पाहून मला जरा शंका आली, पण असो.)

आत काय सापडलं ते ऐक. टाचण्या एक्केचाळीस, खडूचे तुकडे, धाग्यांची गुंतवळ, आणि वकीलसाहेबांच्या कोटाचं ते चांदीचं बटण, ज्याच्यावरून ते अकरा वर्षं माझ्याकडे संशयानं बघतात. बटण मी स्वतः जाऊन त्यांच्या टेबलावर आपटून आले. मग काकांनी अँपच्या वायरीत मध्येच शंभरचा बल्ब जोडायला लावला, म्हणजे आत काही बिघडलेलं असलं तर जास्तीची वीज बल्ब खातो आणि अँप जळत नाही. बल्ब लख्ख पेटला आणि पेटूनच राहिला. काका म्हणाले, कंडेन्सर गेले. नवे आणले, सोल्डरनं झाळून बसवले (झाळकाम म्हणजे काज करण्यासारखंच आहे, हात थरथरला की संपलं), बल्ब पेटून मंद झाला, घुमणं थांबलं. मी टाळ्या पिटणार तेवढ्यात अँप कढईत काहीतरी तळल्यासारखं चरचरायला लागलं.

या चरचरीनं तीन दिवस माझा छळ केला. दुकानदारानं व्हॉल्व्ह बदला म्हणून सांगितलं, तर सगळे बदलले. चरचर तशीच. पेन्सिलीनं एकेका व्हॉल्व्हवर टिचक्या मारल्या, तर दोन नंबरच्यावर मारली की चरचर वाढायची, आणि तिथे जुना बसवा की नवा बसवा, फरक शून्य. खरं सांगते, त्या दुपारी मी रडले. तुझा आवाज कानात घुमत होता, भंगारात दे, भंगारात दे. रडून झालं आणि डोक्यात आलं की दोष व्हॉल्व्हचा नसेलच, ज्या भोकांत त्याचे पाय बसतात ती भोकंच सैल झाली असतील. हूक ढिला झाला की आपण ब्लाऊज बदलतो का? हूक दाबतो. रफूची सगळ्यात बारीक सुई घेतली, अँप बंद, कंडेन्सरमधली वीज काकांनी शिकवल्याप्रमाणे उतरवलेली, डावा हात खिशात, आणि एकेका भोकातली पितळी पकड सुईनं आत दाबून आवळली. जुने व्हॉल्व्ह परत बसवले. चालू केलं. शांत! इतकं शांत की ह्यांनी दांडा खाली ठेवला. गिटारीच्या वायरीच्या टोकाला मी बोट लावलं, तर असा दणदणीत आवाज आला की समोरचा चष्मेवाला दुकानातून बाहेर आला. काकांनी डोळे मिटले आणि म्हणाले, हाच तो आवाज. वीज कंपनीला जमलं नसतं ते एका शिंपिणीनं सुईनं केलंय, हे नीट वाच, आणि वहिनींनाही मोठ्यानं वाचून दाखव.

तेव्हा भंगाराचा विषय पुन्हा काढायचा नाही. मला कोणाची मदत नको, सल्ला तर त्याहून नको. अँप शनिवारी वाजणार.

तुझी,
धाकटी

ता. क. अँप फार जड आहे. दुकानाच्या पायऱ्या उतरवायला चौघं लागतील. तू चार वाजता ये. कंबर दुखत असेल तर नुसतं 'हळू, हळू' म्हणायला ये.

ता. क. २. कोण वाजवणार, हे सांगायचं राहिलं. मला गिटारीतलं ओ की ठो कळत नाही, हे तुला माहीत आहेच. वहिनी सांगत होत्या, त्या बाजारात गेल्या की तू कपाटामागून गिटार काढून बसतोस आणि बेल वाजली की परत कोंबतोस. ती घेऊन ये. हॉलच्या फलकावर तुझं नाव ऑइल पेंटनं लिहून झालंय.

ता. क. ३. नाही आलास तर मीच वाजवीन. पूर्ण पाऊण तास. आणि सुरुवातीलाच माइकवरून सांगीन, की हे सगळं मला माझ्या दादानं शिकवलंय.