आई, तुझं कपाळ

प्रिय आई,

श्रावणात तू गेलीस, आता माघ लागला. इतके दिवस लिहायचं टाळत होते. आज लिहिते, कारण सकाळी तोंड धुताना आरशात बघितलं आणि हात तिथेच थांबला. भुवयांच्या मधोमध, जिथं कुंकू लावते तिथं, लाल चट्टा होता आणि त्याच्या कडेला ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका. तुझंही असंच सुरू झालं होतं ना?

तुला आठवतं, अप्पांनी बार्शीच्या बाजारातून ती पत्र्याची डबी आणली होती? घरात हळदीचं कुंकू होतं, पण हे कसं चकचकीत, लालभडक! अप्पा कधी नव्हे ते हौसेनं काही घेऊन आलेले. मेणाचं बोट टेकवून वर ते कुंकू लावलंस आणि दिवसभर उगीचच ओसरीवर ये-जा करत राहिलीस. तुला इतकं खूश मी क्वचितच पाहिलं.

मग खाज सुटली. मग पाणी यायला लागलं, खपली धरली, आणि खपली पडली तेव्हा खाली पांढरं निघालं. त्या दिवसापासून आपल्या ईट गावातल्या प्रत्येक बाईकडं तुझ्या रोगाचं कारण होतं. कुणी म्हणालं मासे खाऊन दूध प्यालीस. कुणी म्हणालं गेल्या जन्मी नाग मारलास. आत्यानं तुझा पेला वेगळा ठेवला. आणि आजीनं सगळ्यांत सोपा उपाय काढला, "अगं, कुंकू जरा मोठं लाव की. झाकून जाईल."

तू लावलंस. चवलीएवढं होतं ते अधेलीएवढं झालं, मग बंद्या रुपयाएवढं. जेवढं कुंकू मोठं, तेवढं त्याच्याखालचं पांढरं मोठं. आणि पांढरं वाढलं की पुन्हा कुंकू मोठं. एवढी हुशार बाई तू, तुला हे दिसलं नाही? की दिसत होतं आणि दुसरी वाटच नव्हती?

भूमच्या दवाखान्यात मीच तुला घेऊन गेले होते. त्या तरुण डॉक्टरांनी कपाळ धुवायला लावलं, नीट बघितलं आणि म्हणाले, "हे कोड नाही, बाई. तुमच्या रक्तात काही नाही आणि हे लेकरांना होणार नाही. या कुंकवातला रंग तुमच्या कातडीला सोसत नाही. कुंकू बंद करा. जखम सुकली की हळूहळू कातडीचा रंगही भरून येईल."

तू हसलीस. "साहेब, कुंकू आधी पुसू का नवऱ्याला आधी मारू, तेवढं सांगा."

डॉक्टरही हसले. मला हसू आलं नाही. परतताना सर्व्हिस मोटारीत तू पदर भुवयांपर्यंत ओढून बसलीस. घरी आल्यावर आजीला सगळं सांगितलंस, तर ती कडाडली, "माझं लेकरू जितं हाय अजून, आन् तू कपाळ उघडं टाकून हिंडती व्हय?" अप्पा समोर होते. ते बैलांना पाणी दाखवायला निघून गेले. अप्पांचा मला अजून राग येतो, आई.

शेजारच्या रशीदाखालाला तू एकदा म्हणालीस, "तुमचं बरं हाय बाई, तुमचं कपाळ मोकळं." खाला तुझ्या हाताला धरून बसली. तुझं दुखणं बघायला कपाळाला हात लावणारी गावात ती एकटीच होती.

माझ्या लग्नात तू माजघरातच राहिलीस. मांडवात सगळे विचारत होते, नवरीची आई कुठं आहे? पाठवणीच्या वेळी मला आत ओढून शपथ घातलीस, "धाकट्या यमूचं लगीन हुईस्तवर ह्यातलं कुठं बोलू नगंस. कोडाच्या घरची पोरगी म्हणून तिला कुणी करायचं न्हाय." मी हो म्हणाले. तू रडत होतीस, मी काय म्हणणार होते?

तापानं तू गेलीस, तेव्हा बायका म्हणाल्या, भाग्याची, सवाष्ण गेली. आत्या मळवट भरायला बसली, त्याच डबीतून. मी म्हणाले, "थोडंच लावा, तिला आग होते." सगळ्या माझ्याकडं बघतच राहिल्या. आत्यानं तुझं कपाळ काठोकाठ भरलं.

आणि आता मी. इथल्या बाजारातही तसलंच चकचकीत कुंकू मिळतं, तेच मी लावते. ह्यांना दाखवलं, तर म्हणाले, "आईला विचार." शाळेत पोरांना आरोग्याचा धडा शिकवणारा माणूस! सासूबाईंना विचारलं, तर त्या मायेनं जवळ घेऊन म्हणाल्या, "घाबरू नगंस बाळा. जरा मोठं लाव, झाकून जाईल." आई, सासरचं अणदूर आणि माहेरचं ईट यांत एवढं अंतर आहे, आणि शब्द तेच!

लावलं तर कातडी जाते. नाही लावलं तर अपशकुनी. खरं सांगावं तर यमूचं स्थळ मोडतं, आणि गप्प बसावं तर यमूही यातच येते. कारण ती डबी अप्पांनी तुझी आठवण म्हणून तिला दिली आहे. ती रोज तेच कुंकू लावते.

म्हणून सांगते, शपथ मोडणार आहे. रागावू नकोस. उद्या कपाळ धुऊन, काहीही न लावता सासूबाईंसमोर बसणार आणि तुझं सगळं सांगणार, तुझं नाव घेऊन. त्या घराबाहेर काढतील की ऐकून घेतील, मला माहीत नाही. भीती वाटते. पण त्यानंतरची पहिली मोटार धरून ईटला येणार आणि यमूचं कपाळ माझ्या हातांनी धुणार, अप्पांच्या समोर. या वेळी त्यांना उठून जाऊ देणार नाही.

स्थळ मोडलं तर मोडू दे. पोरीला दुसरं स्थळ बघता येईल, आई. तिला माजघरात बसू देणार नाही.

तुझी,
सुमन