कोंबड्याची सोयरीक

नेबाख, ९ फेब्रुवारी २००३

चि. गास्पार यास थोरल्या बहिणीचे आशीर्वाद, आणि तीन महिने पत्र नाही म्हणून पाठीत एक धपाटा. वि. वि.

तुझी भाची एलेना हिला चाहुल गावच्या मुलाकडून मागणी आली आहे. मुलगा तोमास, शाळामास्तर. कान जरा मोठे, बाकी ठीक. रीतीप्रमाणे ते दोनदा आले आणि आपण दोनदा तोंड वाकडं करून त्यांना परत पाठवलं. तिसऱ्या खेपेला ते पाव, चॉकलेट आणि जिवंत कोंबडा घेऊन येतील. घरातल्या सर्वांत वडील बाईने कोंबडा हातात घेतला की होकार. म्हणजे आईने.

आता आली का पंचाईत? आपल्या अंगणात वीस वर्षं कोंबडा नाही. आमच्या कोंबड्या जन्मतःच विधवा. नाताळात शेजारणीचा कोंबडा कुंपणावर चढून आरवला, तर आईने मान पिरगळून तो तिच्या हातात दिला आणि वर म्हणाली, घे बाई, आता शांत झालाय. शेजारीण अजून बोलत नाही. पाहुण्यांसमोर असं झालं तर आपण भेट मारून त्यांच्या तोंडावर फेकली असं होईल, आणि लग्न मोडेल. एलेनाने बजावलंय की मोडलं तर मी राजधानीत शिवणकामाला निघून जाईन, मग बसा तुम्ही दोघी अंडी उबवत.

म्हणून त्या दिवशी आईला मावशीकडे कोत्सालला धाडते. पाहुण्यांना आई आजारी आहे म्हणून सांगेन आणि कोंबडा मीच घेईन. युद्धात मीही तिच्याबरोबर त्याच डोंगरात लपले होते ना? माझं झालं का असं काही?

आईवर करतोस त्यातला चिमूटभर लोभ माझ्यासाठी राखून ठेव.
तुझी ताई,
हासिंता


काम्पेचे, २१ फेब्रुवारी २००३

ती. ताईस शिरसाष्टांग. धपाटा पोचला, पाठ अजून लाल आहे. वि. वि.

तुझं काही झालं नाही म्हणतेस? तू अजून पानातला अर्धा मक्याचा तामाल शालीत बांधून उठतेस, पाहुणी म्हणून गेलीस तरी. माझं विचारू नकोस. घराला तीन दारं ठेवली, तर बायको रोसाउरा म्हणते, चोरांची एवढी सोय कशाला? परवा एका लग्नात फटाके वाजले आणि मी टेबलाखाली. वर आलो ते चमचा पडला होता असं सांगत. चमचा माझ्या हातातच होता.

पण आईला लपवू नकोस. सैनिकांपासून लपलो ते पुरे झालं, आता व्याह्यांपासूनही लपायचं? त्या सकाळी आपलाच कोंबडा आरवला आणि लष्कराला आपली घळ सापडली. आई त्याच्या मानेपर्यंत पोचली, पण दोन बांगा उशिरा. बाबांसकट अकरा माणसं गेली. ज्यांनी गोळ्या घातल्या ते आज पेन्शन खातात आणि छाती काढून सांगतात की असं काही घडलंच नाही. त्यांना लाज नाही, आणि आपण आईला कोत्सालला पाठवायचं? तिला सगळ्यांच्या पुढे बसव. पाहुण्यांना आधीच खरं काय ते सांग. फार तर ते ससा आणतील.

चुकलं असेल तर रागव, पण अबोला धरू नकोस.
तुझा,
गास्पार


नेबाख, १६ मार्च २००३

चि. गास्पार यास आशीर्वाद, या खेपेला धपाट्याशिवाय. वि. वि.

आईला पुढे बसवलं, एवढं तुझं ऐकलं. आधी सांगायचं मात्र धाडस झालं नाही.

नऊजण आले. कोंबडा तोमासची आजी एन्ग्रासिया हिच्या शालीखाली, अगदी गप्प. तोमासचा बाप लाजत म्हणाला, माफ करा, आमची म्हातारी अशीच आहे, वाटभर बिचाऱ्याची चोच मक्याच्या सालीने बांधून आणली. हिला घरीच ठेवणार होतो. आणि त्या शहाण्याने आपला पक्षी किती उमदा आहे हे दाखवायला चोच सोडली.

कोंबडा आरवला, म्हणजे अर्धाच. दोन्ही म्हाताऱ्या उडाल्या. चार हात, एक मान.

त्यांचा मागणी घालणारा म्हातारा टोपी घालून उठला. एलेना पांढरीफटक. आईने मात्र एन्ग्रासियाला विचारलं, कुठल्या डोंगरात होतीस? तिने नाव सांगितलं. आई म्हणाली, तिथे पाणी होतं, चैन होती तुमची. ती म्हणाली, पाणी होतं गं, पण मीठ काय तुझा बाप आणून देत होता? मग दोघी हसायला लागल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आईने मेलेला कोंबडा मांडीवर घेतला आणि म्हणाली, घेतला. तो मागणी घालणारा म्हातारा रीत मोडली म्हणून कुरकुरला, तर एन्ग्रासियाने त्याला खाली बसवलं. लग्न मे महिन्यात. तीनही दारांना कुलूप लावून ये.

आता एक गोष्ट, रोसाउरालाही वाचून दाखवू नकोस. कोंबडा आरवला त्या क्षणी मी काय केलं, ते मला नंतर कळलं. माझा हात एलेनाच्या तोंडावर होता. घट्ट. डोंगरात ती तान्ही असताना असायचा तसा. बावीस वर्षांची घोडी, होणाऱ्या नवऱ्यासमोर, आणि मी तिचं तोंड दाबून उभी. आणि गास्पार, तिने माझा हात झटकला नाही. नाकाने हळूहळू श्वास घेत उभी राहिली, कुणी कधी शिकवलं नसताना.

जमेल तेवढं प्रेम घेऊन लवकर ये.
तुझी,
हासिंता