मफलरातला बर्फ

७ जानेवारी

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तू विणलेले हातमोजे पोचले. उजवा घातला की खडू धरता येत नाही, म्हणून एकट्या डाव्याचीच चैन चालू आहे.

इथे उत्तरेकडच्या डोंगरात थंडी कडाक्याची. आमच्या दुसरीच्या वर्गात सकाळी मुलांची बोटं इतकी आखडतात की पेन्सिल धरवत नाही. म्हणून मी थंडीलाच अभ्यासाला जुंपलं. खिडकीच्या काचेवर तोंडाची वाफ सोडायची आणि तिच्यावर जोडाक्षरं गिरवायची. मैदानात स्वतःची सावली दोरीने मोजायची. रात्री बाहेर ठेवलेल्या वाट्यांत बर्फ धरतो, तो न्याहाळायचा. वर्ग नुसता किलबिलतो!

पण काल एक आजोबा तणतणत आले. त्यांच्या नातीला आम्ही टिटवी म्हणतो. तिने घरातली झाडून सगळी भांडी पाणी भरून गच्चीत मांडली, आजोबांचा पेलाही सोडला नाही. त्यात त्यांची कवळी होती! बोळक्या तोंडाने ते रागावत होते आणि मी ओठ चावून उभी.

मुख्याध्यापिकाबाईंनी सांगितलं की पुढच्या शुक्रवारी त्या वर्गात बसणार. पसंत पडलं नाही तर हे उद्योग बंद, आणि मला कायम करायचं की नाही तेही त्याच दिवशी ठरेल. बँकेतली नोकरी सोडून मी चूक तर नाही ना केली?

बाबांना नमस्कार. तुझा राग आणि माया दोन्ही असू दे.

तुझी,
धाकटी

११ जानेवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

कवळीचं वाचून तुझ्या बाबांना हसता हसता ठसका लागला. बँक सोडलीस तेव्हा मला घास गोड लागत नव्हता, हे खरं. पण तिथून तू कधी चार ओळींच्या वर पत्र लिहिलं नाहीस. आता पानं पुरत नाहीत. काय ते मी समजले.

त्या आजोबांनाच शुक्रवारी बोलाव. रागावलेल्या माणसाला बसायला खुर्ची आणि हाताला काम दिलं की निम्मा राग उतरतो. इतकी वर्षं मी संसार कसा केला, असं वाटतं तुला?

जिवाला जप. उजवा हातमोजाही घालत जा.

तुझी,
आई

१८ जानेवारी

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

आजोबा आले! कवळी घालून, पण चेहरा कडू औषध प्यायल्यासारखा. बाई मागच्या बाकावर.

मी हीटरजवळ बर्फाच्या दोन सारख्या वाट्या ठेवल्या. एक उघडी, दुसरीला लोकरीचं काहीतरी गुंडाळायचं. आधी कुठला बर्फ वितळेल? सगळा वर्ग ओरडला की गुंडाळलेला, लोकर गरम असते ना! आजोबांना मी पंच नेमलं. त्यांनी तर गळ्यातला मफलरच काढून दिला आणि बजावलं की माल अस्सल आहे, बघता बघता पाणी होईल.

आम्ही पाढे म्हटले, गाणी म्हटली. उघड्या वाटीत पाणी झालं. आजोबांनी मफलर सोडला, तर आत बर्फ जवळजवळ तसाच! आजोबा मफलर उलटासुलटा करून बघत राहिले, जणू त्याने दगा दिला.

तेवढ्यात टिटवी उभी राहिली. हात रोज वर, उत्तर क्वचितच. हळूच म्हणाली की मफलर गरम नसतोच, गरम तर आजोबा असतात, मफलर फक्त त्यांना गार होऊ देत नाही. आणि बर्फाला गरम होऊ देत नाही.

आई, हे मी शिकवलं नव्हतं गं. आजोबांनी तिला जवळ ओढलं आणि म्हणाले की जन्मभर मफलर वापरला, कळला आज.

बाई उठल्या. मला वाटलं, संपलं. त्यांनी अंगावरची शाल काढली आणि विचारलं की हिच्यात किती वेळ टिकेल, बघूया का?

संध्याकाळी कायम झाल्याचं पत्र हातात पडलं!

तुझी,
धाकटी

२३ जानेवारी

चि. धाकटीस,
भरभरून आशीर्वाद.

तुझं पत्र मी आल्यागेल्या सगळ्यांना वाचून दाखवते. शेजारीण आता मला बघून वाट बदलते.

तुझ्या बाबांना मात्र पटलेलं नाही. अंगातला स्वेटर काढून त्यांनी बर्फाच्या वाटीला गुंडाळलाय आणि स्वतः कुडकुडत राखण करताहेत. मी पांघरूण टाकायला गेले, तर म्हणाले की माझं राहू दे, वाटीला धक्का लावू नकोस.

सुट्टी मिळाली की लगेच ये, बाईसाहेब. हा विद्यार्थी माझ्याच्याने आवरत नाही.

तुझी,
आई