तीन थाळ्यांतलं पाणी

प्रिय शहाणे,

दचकू नकोस, अक्षर माझंच आहे. फोनवर मला धड बोलता येत नाही, म्हणून कागद घेतला. चारशे फर्न करपले आणि तू नर्सरी सोडून गेलीस, त्याला चार महिने झाले. दिवसभर ऑफिसच्या खुर्चीत बसून पाठ धरत नाही ना? आई सांगत होती, तू यापुढे झाडांना हात लावणार नाही म्हणतेस, तुझ्या हातून ती मरतात म्हणे. ते ऐकल्यापासून घास गोड लागत नाही.

इकडची बातमी म्हणजे, म्हातारपणी मी शाळेत जायला लागलोय. आईच्या तीन चांगल्या थाळ्या पळवल्या आणि शेडच्या पत्र्यावर उन्हात मांडल्या. एकीत विहिरीचं पाणी, दुसरीत कुंड्यांखालच्या पन्हळीतून निथळणारं, तिसरीत तुझ्या टाकीतलं, म्हणजे तेच निथळलेलं पाणी गाळून पुन्हा कुंड्यांना द्यायला तू साठवायचीस ते. माणसं कपडे वाळत घालतात, तुम्ही पाणी घाला, असं म्हणून आई आत गेली. पण दर तासाला डोकावायला तीच येत होती! दुसऱ्या दिवशी दुपारी पहिल्या थाळीत पुसटसा डाग उरला, दुसरीत पांढरट कडा, आणि टाकीच्या थाळीत नखाने खरवडावी लागेल अशी खपली. मी ती जिभेला लावली. खारट, कडवट. आईने हात ओढला. वाळू-खडीतून गाळलेलं इतकं नितळ पाणी, त्यात हे आलं कुठून? मला चैन पडेना.

मग शेडमधल्या फळ्यावरचं तुझं गणित पहिल्यांदाच नीट वाचलं. पूर्वी कुंड्यांतून निथळलेलं पाणी वाहून जायचं, त्याच्याबरोबर खतही जायचं. तुझ्या टाकीत दोन्ही फिरून परत येतं, म्हणून तू खताचं माप निम्मं केलंस. इतकी साधी गोष्ट! टाकी रिकामी केली, घासली, वीस नवे फर्न मांडले आणि त्यांना पाच आठवडे टाकीचंच पाणी दिलं, तुझ्या मापाने. रोज चहाच्या आधी भिंग घेऊन टोकं तपासतो. माळी हसतात, हसू देत. एकही टोक करपलेलं नाही, आणि मधून गुंडाळलेले कोवळे कोंब वर येताहेत. विहिरीची मोटार आता दिवसाआड लावली तरी पुरते.

आता मूळ मुद्दा. तुझ्या टाकीने रोपं मारली, असं मी सगळ्या माळ्यांसमोर बोललो. तू ते खरं मानून निघून गेलीस. खरी गोष्ट अशी, की दर सोमवारी तू निम्मं माप घालून वळलीस, की मागून मी उरलेलं निम्मं टाकीत ओतायचो. एवढ्याशा खतावर रोपं उपाशी राहतील, असं वाटायचं मला. फर्न करपायला लागले तेव्हाही ओततच राहिलो, आणि ते तुला कधी सांगितलं नाही. फळ्यावरचं गणित वाचलं तेव्हा कळलं, थाळीतली ती खपली माझ्याच खताची होती. काल माळ्यांना बोलावून सगळं कबूल केलं. मान वर होत नव्हती. मला तुझी फार आठवण येते, तू परत यावंस असंही वाटतं, पण ते तुझं तू ठरव. हे पत्र त्यासाठी नाही. तुझ्या हातून एकही रोप मेलेलं नाही, बाळा. चारशेच्या चारशे माझ्या हातून गेले.

तुझाच,
बाबा