शेवट आहे तसा वाचावा

मी, खाली सही करणारा, वय वर्षे शहात्तर, धंदा पूर्वी छापखान्यात मुद्रितशोधन आणि पुढे वर्तमानपत्रात पुस्तकांचे परीक्षण, असे लिहून ठेवतो की माझे डोळे गेलेले असले तरी डोके जागेवर आहे. हा मजकूर मी कोणाच्या दडपणाखाली किंवा कोणाला खूश करण्यासाठी सांगत नाही. खूश करण्याबद्दल माझा लौकिकही नाही. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात घर मुलाच्या नावे होते आणि मुलगा आता नाही.

मी तोंडी सांगतो आहे आणि लिफ्टवाला टाइप करतो आहे. हा गृहस्थ दिवसा लिफ्टची दुरुस्ती करतो आणि उरलेल्या वेळात रहस्यकथा लिहून पदरमोड करून छापतो. त्याने यात आपली विशेषणे घुसडू नयेत अशी त्याला ताकीद दिली आहे, आणि ती ताकीदही त्याने मुकाट्याने टाइप केली आहे.

१. घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि रस्त्याकडची गॅलरी, हे सर्व माझ्या सुनेला. बँकेत जे काही असेल तेही तिलाच. माझी चुलत भावंडे येतील आणि सून म्हणजे शेवटी परक्याची मुलगी, असे म्हणतील. त्यांचे ऐकून घ्यावे आणि दार लावावे. मुलगा गेल्यावर ती माहेरी जाऊ शकली असती. "तुमच्या पुस्तकांवरची धूळ कोण झटकणार, बाबा?" असे म्हणून ती राहिली.

२. पुस्तके. ही सर्व अशा लेखकांची आहेत ज्यांना कोणी प्रकाशक मिळाला नाही, किंवा ज्यांनी प्रकाशकाचा नाद सोडला. कादंबऱ्या, भयकथा, परग्रहावरच्या गोष्टी, खून आणि तपास. मागच्या कव्हरवर हनुवटीला हात लावलेला लेखक आणि आत "आपल्या अमूल्य अभिप्रायाच्या प्रतीक्षेत" अशी चिठ्ठी. मी ही पुस्तके पहिल्या पानापासून ऋणनिर्देशापर्यंत वाचली आहेत. त्यांतली बरीच वाईट आहेत. काही इतकी चांगली आहेत की मी जेवायचा थांबलो. वाचनालयाने ती घ्यायला नकार दिला आहे, तेव्हा दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्याबाहेर जे बाक आहे तेथे ठेवावीत. दाढ दुखत असलेला माणूस काहीही वाचतो. रद्दीवाल्याला मात्र एकही देऊ नये.

३. संपादक. याला सगळे पाठीमागे कात्री म्हणतात. याने माझे सदर अर्ध्या पानावरून बोटभर केले आणि वर म्हणाला, "ज्यांना कुणी छापत नाही, त्यांना वाचणार कोण?" याला माझ्या इस्टेटीतून काहीही मिळू नये. माझ्यावर मृत्युलेख लिहिण्याचीही त्याला मनाई आहे. मेल्या म्हशीला मणभर दूध, हा प्रकार मी आयुष्यभर इतरांच्या बाबतीत वाचला. माझ्या बाबतीत नको.

४. भिंग. हे लिफ्टवाल्याला. त्याने त्यातून आपले शुद्धलेखन पाहावे.

५. आता जे सांगायला मी हे कागद करवून घेतले ते सांगतो.

डोळे गेल्यापासून पुस्तके मला सून वाचून दाखवते. पाणीपुरवठा कार्यालयातून दमून येते, हातपाय धुते आणि माझ्याजवळ बसून वाचते. मी परीक्षण सांगतो, ती उतरवून घेते. आंधळ्याच्या गायी देव राखतो म्हणतात, तसे माझे सदर तिने राखले. एक मात्र माझ्या लक्षात येत असे. पुस्तक संपत आले की ती जरा भरभर वाचू लागे, आणि पान उलटल्याचा आवाज बराच वेळ येत नसे. मजकूर पुढे जात असे, पान जात नसे. मी म्हटले, अक्षर बारीक असेल.

मग हा लिफ्टवाला घरी आला. मी त्याच्या कादंबरीची स्तुती केली होती, तरी दारातूनच आवाज चढवून.

"अहो, तुम्ही छापलंय की माझा ठेकेदार शेवटी डोळे उघडतो!"

"उघडतो ना. धाडसी शेवट आहे."

"डोळे कसे उघडेल? त्याचं तिसऱ्या प्रकरणात पोस्टमॉर्टेम झालंय!"

मी त्याला बसवले आणि त्याचेच शेवटचे प्रकरण वाचायला लावले. ठेकेदार मेलेलाच होता. नंतर मी त्याला कपाटातून गेल्या दोन वर्षांतली पुस्तके काढायला सांगितली आणि त्यांची शेवटची पाने त्याच्याकडून वाचून घेतली. सून कामावर होती. त्या दुपारी या खोलीत माणसे पटापट मेली. बुडालेला खलाशी बुडालेलाच राहिला. परग्रहावर गेलेली बहीण परत आलीच नाही. ज्या म्हाताऱ्याला मी शेवटी ऊन खात बसलेला ऐकले होते, तो अगोदरच्या पानावर गेलेला होता. लिफ्टवाला आधी हसत होता, मग हसायचा थांबला.

समीक्षक म्हणून एक नोंदवणे भाग आहे: तिचे शेवट पुष्कळदा लेखकांच्या शेवटांपेक्षा चांगले होते. पण ते त्या पुस्तकांचे नव्हते.

६. एका निवृत्त नर्सबाईंनी आयुष्यात एकच कादंबरी लिहिली. मूल गमावलेल्या आईची आहे. मी लिहिले की मूल बरे होऊन घरी येते ते प्रकरण पुस्तकाचा प्राण आहे. तसे प्रकरणच नाही. ती गोष्ट त्यांची स्वतःची असेल की काय, हे मला ठाऊक नाही. त्या दुपारनंतर मी सगळ्या लेखकांना फोन केले. बाकीच्यांनी निदान मला वेड्यात काढले. या बाई गप्प राहिल्या, आणि ते मला लागले आहे. संपादकाने माझ्या नावाने खुलासा छापावा, की त्या दोन वर्षांतील परीक्षणांत वर्णिलेले शेवट त्या त्या लेखकांचे नाहीत आणि चूक सर्वस्वी माझी आहे. सुनेचा उल्लेख करू नये. तीन क्रमांकाचे कलम या कामापुरते शिथिल समजावे.

७. माझी प्रकृती. दोन महिन्यांपूर्वी सून मला डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर तिच्याशी बाहेर बोलले. रिक्षात मी विचारले, काय म्हणाले?

"काही नाही हो बाबा, वयाचं आहे. गोळ्या घेतल्या की वाटेल बरं."

तेव्हा मी विश्वास ठेवला. ठेकेदार मेल्यावर मात्र ते वाक्य मला पुन्हा ऐकू आले. ती ते भरभर बोलली होती. मी गोळ्यांचे पाकीट घेऊन खालच्या औषधवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "काका, या दुखणं कमी करायच्या आहेत." मी विचारले, आणि बरं करायच्या कुठल्या? तो म्हणाला, "सूनबाईंना विचारा ना." त्याला खोटे बोलता येत नाही, म्हणून त्याला मी साक्षीदार केला आहे.

तेव्हा स्पष्ट लिहा: माझा आजार बरा होणारा नाही.

८. सुनेला. मुलाच्या अपघाताची बातमी हॉस्पिटलमधून तूच घेऊन आली होतीस. तू सांगितलेस आणि मी तुझ्यावर ओरडलो, "हे मला का सांगितलंस?" तुझा नवरा गेला होता आणि मी तुलाच फैलावर घेतले. त्यानंतर तू मला काही वाईट सांगितले नाहीस. पुस्तकातलेसुद्धा नाही. मी रागावलेलो नाही. मला भीती वाटते, आणि ती मरणाची कमी आहे. तू हे एकटी घेऊन ऑफिसला जातेस, घरी येतेस, माझ्याजवळ बसून मेलेल्यांना उठवतेस, आणि तुझ्याशी याबद्दल बोलायला घरात कोणी नाही. मी आहे ना. अजून आहे. मला सांग, म्हणजे आपण दोघे मिळून घाबरू.

९. म्हणून हे मृत्युपत्र सही होण्यापूर्वी मला माझ्या सुनेनेच दोन्ही साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचून दाखवावे. त्यांनी सोबत डोळ्यांनी वाचावे. एक शब्दही बदलू नये. मी मरतो तिथे मला मरू द्यावे.

साक्षीदारांची नोंद (लिफ्टवाल्याने टाइप केली):

वरील मजकूर सूनबाईंनी वाचला. कलम एक ते सहा जसेच्या तसे. कलम पाचला त्या थांबल्या होत्या आणि पाणी प्यायल्या. कलम सातमध्ये "माझा आजार बरा होणारा नाही" या ठिकाणी त्यांनी "माझा आजार बरा होणारा आहे" असे वाचले. मृत्युपत्र करून देणारे म्हणाले, "परत वाच, बाळा." त्यांनी परत तसेच वाचले. औषधवाले उठून खिडकीशी गेले. त्यांना परत बोलावून बसवावे लागले. तिसऱ्या वेळी सूनबाईंनी लिहिले आहे तसे वाचले. कलम आठ आणि नऊ त्यांनी हळू वाचले, पण सगळे वाचले.

वाचून झाल्यावर त्यांनी कागद खाली ठेवला आणि म्हणाल्या, "डॉक्टर म्हणाले, फार तर उन्हाळ्यापर्यंत, बाबा."

हे वाक्य मूळ मजकुरात नव्हते. करून देणाऱ्यांनी ते जोडून घ्यायला सांगितले, आणि मग सही केली. सही करताना कागदावरची जागा सूनबाईंनी त्यांचे बोट धरून दाखवली.

सही: करून देणार
साक्षीदार पहिला: लिफ्ट दुरुस्ती करणारा, लेखक
साक्षीदार दुसरा: खालचा औषधवाला

स्थळ: राहत्या घराची पुढची खोली
दिनांक: रविवार, सुनेच्या सुट्टीचा दिवस