जास्तीचे दोन हजार वेढे

बाबा, तुम्ही गुंडाळलेलं कॉइल मी तुमच्या डोळ्यांदेखत ब्लेडने कापलं, त्याला आता पंचवीसच्या वर वर्षं झाली. तुम्हाला जाऊनही बरीच वर्षं लोटली. या काळात आईने, मावशीने, अगदी माझ्या नवऱ्यानेसुद्धा कधी ना कधी सुचवून पाहिलं, की निदान तुमच्या फोटोसमोर उभं राहून सॉरी म्हणावं. मी म्हटलेलं नाही. आजही त्यासाठी बसलेले नाही. तेव्हा तुम्ही माझी बाजू ऐकून घेतली नाहीत, उठून गॅलरीत गेलात, म्हणून ती आता पहिल्यापासून लिहून काढते आहे. या खेपेला तुम्हाला उठून जाता येणार नाही.

नालासोपाऱ्याच्या आपल्या फ्लॅटचं स्वयंपाकघर आठवतं ना? ओट्याशी दोघं उभी राहिली की तिसऱ्याने दारातूनच बोलायचं. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे, सेकंडहँड इलेक्ट्रिक गिटार नुकतीच घरात आली आहे, आणि तुम्ही सातिवलीच्या कारखान्यातून येऊन, चहा उकळायच्या आत, ओट्यावर पेपर पसरून तिचे स्क्रू काढता आहात. आई म्हणते, "अहो, तिथे मला पोळ्या लाटायच्यात." तुम्हाला ऐकूच येत नाही. तारांखाली बसवलेली बोटाएवढी काळी पट्टी तुम्ही बाहेर काढता. तिला पिकअप म्हणतात एवढंच मला माहीत होतं. आत सहा लोहचुंबक, त्यांच्याभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, वरची तार थरथरली की या कॉइलमध्ये वीज उठते आणि स्पीकरमधून तीच सुरासारखी बाहेर पडते, हे मला तुम्ही त्या संध्याकाळी समजावून दिलंत. "म्हणजे आमचंच काम की हे!" म्हणालात आणि इतके खूश झालात की आईने पोळ्या शेवटी जमिनीवर बसून लाटल्या. सातिवलीच्या त्या कारखान्यात तुम्ही वीस वर्षं ट्रान्सफॉर्मरची कॉइलं गुंडाळत होतात. मी एकदा तुमचा डबा घेऊन आले होते तेव्हा पाहिलं, तयार ट्रान्सफॉर्मर टेबलावर चालू करून तुम्ही त्याला कान लावायचात. जरा जास्त घूं ऐकू आली की खडूने फुली मारायची आणि माल मागे. तुमची फुली मालकसुद्धा पुसत नसे. मला त्या दिवशी तुमचा फार अभिमान वाटला होता, हेही लिहिते, नाहीतर म्हणाल हिला फक्त वाईटच आठवतं.

त्या गिटारमधलं पिकअप अगदीच सुमार होतं. चार सूर एकदम वाजवले की सगळ्यांची खिचडी. दुसरं घ्यायचं ठरलं आणि मी मुंबईतल्या एका मोठ्या दुकानात गेले. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, "भाई के लिए चाहिए क्या?" मी म्हटलं, माझ्यासाठी. त्याने हसून पिकअपचा बंद डबा पुढे सरकवला, वाजवून बघू दिलं नाही. मी तो डबा तिथेच ठेवला आणि निघून आले. मग वसई गावात गिटारी आणि व्हायोलिनं दुरुस्त करणारे अंकल सापडले. चर्चमधली रविवारची मिस्सा झाली की ते दुपारभर मोकळे असत. त्यांनी तीन पिकअप काढली आणि म्हणाले, "बाय, कंपनीचं नाव बिव काय विचारू नको. मी लावून देतो, तू डोळे मिटून वाजव." दर वेळी सोल्डरचा जुना डाग काढायचा, नवा लावायचा, तारा पुन्हा चढवायच्या. आणि मी तोच एक तुकडा वाजवायचा. पहिलं गोड होतं पण पुळचट. दुसऱ्यात उलटसुलट गुंडाळलेली दोन कॉइलं होती, त्यामुळे घूं अजिबात नव्हती. आवाजही जाड, चादर पांघरल्यासारखा. तिसरं एका कॉइलचं. हात थांबला की घूं करायचं, ट्यूबलाइटजवळ गेलं की जास्तच. पण तार छेडली की सूर असा टोकदार निघायचा की माझ्या अंगावर काटा आला. मी तिसरं घेतलं. बाबा, तोवर माझ्या आयुष्यातल्या वस्तू तुम्ही निवडल्या होत्या. कॉमर्सची साइड, चष्म्याची फ्रेम, पावसाळी चपला, सगळ्यांवर तुमचं एकच उत्तर होतं, "मला कळतं." ते पिकअप मी माझ्या कानाने निवडलेली पहिली गोष्ट होती.

घरी येऊन वाजवलं तर तुम्ही तुकडा ऐकलाच नाहीत, घूं तेवढी ऐकलीत. "असला माल आम्ही परत पाठवतो," म्हणालात. मी म्हटलं, मला असाच हवाय. तुम्ही पेपर उघडलात, मला वाटलं विषय संपला. मग मी परीक्षेसाठी चार दिवस मैत्रिणीकडे पार्ल्याला राहायला गेले आणि परत येऊन गिटार लावते तर आवाज दणदणीत, पण गोणपाटातून आल्यासारखा. टोक गेलेलं. मी स्क्रू काढले. आत तुमचं काम होतं, ते ओळखायला मला कुणी सांगावं लागलं नाही. जुनी तार काढून नवी, वेढ्याला वेढा चिकटून, एकावर एक थर, वर वार्निशचा हात, वरून तांब्याची पट्टी. ट्रान्सफॉर्मरला करता तसंच्या तसं. तीन दिवस कामाची वेळ संपल्यावर कारखान्यात मागे थांबून केलंत, हे आईने सांगितलं.

"दोन हजार वेढे जास्त घातलेत," तुम्ही ताटावरूनच म्हणालात. "आवाज वाढला की नाही?"

"वाढला. पण माझा आवाज गेला. मला विचारलं का नाहीत?"

"त्यात विचारायचं काय? मला कळतं यातलं."

"मग काढून पहिल्यासारखं करून द्या."

"वार्निश केलेलं कॉइल उलगडत नाही. चांगलं झालंय ते. सवय होईल तुला."

सवय होईल! आठ दिवसांवर विरारच्या हॉलमध्ये आमच्या ऑर्केस्ट्राचा पहिला कार्यक्रम होता, गिटारला मी एकटी, आणि मी तुमच्या आवाजाची सवय करून घ्यायची होती. मी तुमच्या दाढीचं ब्लेड आणलं, पेपर पसरला आणि तुमच्यासमोर ते कॉइल कापलं. आई ओरडली. तांब्याचा पुंजका पेपरवर पडला, न्हाव्याच्या दुकानात पडतो तसा. तुम्ही हात धुतलेत आणि म्हणालात, "दुसऱ्याचं काम असं कापतात? तुझ्या हातून काही वाजायचं नाही." आणि गॅलरीत गेलात. मी तुमच्या पाठीला म्हटलं, "कार्यक्रमाला या, मग बोला." तुम्ही म्हणालात, "मी यायचा नाही."

तुम्हाला जे कधीच सांगितलं नाही ते आता सांगते. दुसऱ्या दिवशी ते उरलेलं मी अंकलकडे नेलं. चष्मा कपाळावर सारून ते बराच वेळ बघत बसले. "हात सोन्यासारखा आहे मानसाचा," म्हणाले. "म्हनूनच बिघडलं. गिटारचं कॉइल येवढं शिस्तीत नाय गुंडाळायचं. जरा वाकडंतिकडं पायजे, वेढ्यात हवा पायजे, तेव्हा टोक राहतं." म्हणजे तुमची चूक कामात नव्हतीच. मालाला लागते ती सगळी सफाई तुम्ही घातलीत, आणि सुराला ती नको होती. हे मी तुम्हाला येऊन सांगू शकले असते. सांगितलं असतं तर कदाचित तुम्ही हसला असतात, हट्टाने अर्ध्या रात्रीत वाकडं कॉइलही करून आणलं असतंत. पण मी सांगितलं नाही. तुम्ही आधी विचारायला हवं होतं, माझं एवढंच म्हणणं होतं, आणि ते तुम्ही मान्य केल्याशिवाय तुम्हाला शहाणं करायची माझी तयारी नव्हती. अंकलनी तसलंच दुसरं पिकअप दिलं. विरारला मी त्यावरच वाजवलं. दोन गाण्यांच्या मध्ये घूं ऐकू यायची, आणि ती ऐकून मला बरं वाटायचं.

वाजलं, बाबा. तेव्हापासून वाजतंच आहे. हळदीत वाजवलं, गणपतीत वाजवलं, पार वाडा गावापर्यंतच्या हॉलमध्ये वाजवलं, आता घरी शिकवतेही. शिकायला येणाऱ्यांना पिकअप निवडायचं असेल तर मी दुसऱ्या खोलीत जाऊन बसते, म्हणजे माझ्या चेहऱ्याकडे बघून कुणी निवडत नाही. तुमच्या-माझ्यात पुढे सगळं सुरळीत झालं. तुम्ही माझ्या लग्नात नाचलात, मी तुमच्या बायपासला पंधरा दिवस दवाखान्यात झोपले. फक्त गिटारचा विषय निघाला की तुम्ही टीव्ही मोठा करायचात आणि मी पाणी प्यायला उठायची. माझं वाजवणं तुम्ही एकदाही ऐकायला आला नाहीत. हट्टीपणा कुणाचा जास्त, यावर आई म्हणायची, एकाच कॉइलची दोन टोकं. मी म्हणते, तुमचा जास्त. ते कॉइल आज पुन्हा समोर आणून ठेवलं तर आजही कापीन.

आता राहिलं एकच, आणि ते नवऱ्यालाही माहीत नाही. विरारच्या त्या पहिल्या कार्यक्रमाला मी दारावरच्या माणसाला सांगून ठेवलं होतं, की माझे वडील आले तर त्यांना तिकीट विचारू नका, पुढे आणून बसवा. नंतरच्या प्रत्येक कार्यक्रमाला सांगत राहिले. तुम्ही गेल्यावर दोन महिन्यांनी वसईला कार्यक्रम होता, तेव्हाही तोंडातून तेच गेलं. दारावरचा माणूस नवा होता. त्याने विचारलं, "ताई, दिसायला कसे आहेत ते?" मी त्याला सगळं सांगितलं, उंची, चष्मा, अर्ध्या बाहीचा शर्ट, आणि आत जाऊन गिटार लावायला बसले.